तळ्यात न पडलेला टोप

मी एक जुना टोप आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, मित्रांनो, डोक्यावर घालायचा, केसांचा. फ्रान्समधल्या लुआर नदीकाठच्या एका लहानशा गावात सोलांज पेरिगो नावाच्या बाईंची कार्यशाळा आहे. तिथल्या वरच्या फळीवर, एका लाकडी मुंडक्यावर मी बसलेला असतो. स्वभावाने मी वाईट नाही, पण मत्सरी आहे. ते लपवून माझी गोष्ट सांगता येणार नाही.

माझा जन्म एका सिनेमासाठी झाला. ओव्हेर्न्यच्या डोंगरातल्या एका बाईची लांब वेणी सोलांजबाईंकडे आली होती. तिचे केस तरुणपणीच पिकू लागले होते, म्हणून ते ना धड करडे, ना धड तपकिरी. तो रंग पाहून सोलांजबाई खुलल्या. बारीक जाळी ताणून, आकड्याच्या सुईने एकेक केस त्यांनी गाठून बसवला. कपाळाजवळची ओळ तर इतकी नाजूक होती, की केस कातडीतूनच उगवले आहेत असे वाटावे. सारा उन्हाळा त्या माझ्यावर वाकलेल्या होत्या. शेजारच्या खुर्चीत त्यांची शिष्या नोएमी बसे. हात चलाख, जीभ त्याहून चलाख.

एकदा ती म्हणाली, "मादाम, इतका जीव कशाला काढायचा? प्लास्टिकचे केस पण कॅमेऱ्यात खपून जातात."

"मग खेळण्यांच्या दुकानात जा," सोलांजबाई मान वर न करता म्हणाल्या. "बाहुल्यांना टोप लागतातच."

नोएमी खरेच गेली. तूर शहरात तिने स्वतःचे दुकान थाटले. सोलांजबाईंनी तिची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि मला एकटीने पूर्ण केले.

सिनेमा जुन्या काळातल्या एका तत्त्वज्ञाचा होता. हे महाशय एका मार्कीझबाईंच्या, म्हणजे सरदारीणबाईंच्या, गढीत पाहुणे म्हणून राहतात आणि मत्सर या विषयावर ग्रंथ लिहितात. मत्सर ही रानटी भावना आहे, कोणी कोणाच्या मालकीचे नसते, असे ते दिवसभर सर्वांना पटवतात, आणि संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या कपाटात लपतात. एका प्रसंगात ते मार्कीझबाईंच्या घेरदार झग्याखालून बाहेर येतात. तिथे ते काय करत होते, हे मला विचारू नका. मी डोक्यावरच होतो, पण आत अंधार होता. मोठे झालात की सिनेमा बघा.

तत्त्वज्ञाचे काम ल्युसियाँ वासेल करत. ते पूर्ण टकले आणि भारी विनोदी. श्वासाला लसणाचा वास. मी डोक्यावर चढलो की त्यांचा चेहराच बदले. भुवया वर जात, मान ताठ होई. आरशात बघून ते सोलांजबाईंना म्हणाले होते, "बाई, हा काढला की मी वासेल, घातला की मी विद्वान. माझ्या बायकोला सांगू नका, ती रोज घालायला लावेल." ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवत राहिलो. ते डोके माझे आहे, असे मला वाटू लागले.

मग तळ्याचा प्रसंग आला. तत्त्वज्ञ महाशय मार्कीझबाईंच्या खोलीतून पळतात. अंगावर फक्त टोप, दुसरे काही नाही. मागे हंसांचा कळप. धावता धावता ते गढीच्या तळ्यात पडतात आणि शेवाळ अंगावर घेऊन वर येतात, तरी तोंडातले व्याख्यान सुरूच.

मी तयार होतो. मनातल्या मनात शंभरदा पडूनही झाले होते. पण सोलांजबाई दिग्दर्शक देल्कूर महाशयांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझा टोप पाण्यात जाणार नाही."

"मादाम, सगळा सिनेमा त्या तळ्यावर उभा आहे," देल्कूर महाशय म्हणाले.

"मग सिनेमाला तळ्यात बुडवा. हे खरे केस आहेत. शेवाळात घालायला नाही विणले मी."

देल्कूर महाशयांनी हुज्जत घातली नाही. त्यांनी तूरला फोन लावला. दुसऱ्या दिवशी नोएमी एका पिशवीत माझा जुळा घेऊन आली. प्लास्टिकचा. मावळतीच्या उन्हात तो मक्याच्या कणसाच्या शेंड्यासारखा चमकत होता. मला हसू आले. सोलांजबाईंनाही आले असावे, कारण त्या नोएमीला म्हणाल्या, "छान आहे. भांडी घासायला पण चालेल."

नोएमीने तो वासेलसाहेबांच्या डोक्यावर चढवला आणि दोन पिना मुद्दाम सैल ठेवल्या.

मित्रांनो, मी खुर्चीवरून सगळे पाहिले. वासेलसाहेब पडले. वर आले तेव्हा टोप उलटा झाला होता, मागची वेणी नाकावर लोंबत होती आणि तिच्यावर एक बेडूक बसला होता. वेणी बाजूला सारून ते गंभीरपणे म्हणाले, "आणि म्हणून, मंडळी, मत्सर हे अडाणीपणाचे लक्षण आहे." दिवे धरणारी माणसे हसून खाली बसली. देल्कूर महाशयांनी डोळे पुसले. मी कोरडा होतो. इतका कोरडा मी आयुष्यात कधी नव्हतो.

पुढे काय झाले ते तुम्ही ओळखलेच असेल. सिनेमा गाजला, आणि पोस्टरवर आला तो जुळा. ते पोस्टर आमच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर, पावाच्या दुकानाशेजारी लागले. पाव घ्यायला येणारे लोक त्याच्याकडे बघून हसत. संपूर्ण सिनेमाभर मी त्या डोक्यावर होतो. बोलताना, रडताना, शेवटी तत्त्वज्ञ स्वतःच मत्सराने वेडापिसा होतो तेव्हाही मीच होतो. पण माझ्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. सोलांजबाई पाव आणायला पलीकडच्या गल्लीत जाऊ लागल्या. आमच्या दोघांच्या मनात एकच काटा होता, आणि तो त्या माझ्याजवळ बोलून दाखवत नसत. मला पेटीत ठेवताना फक्त झाकण जरा जोरात लावत.

वर्षे गेली. वासेलसाहेब वारले. त्या गढीत सिनेमाच्या आठवणींची एक खोली झाली आणि काचेच्या पेटीत, दिव्यांखाली, जुळा जाऊन बसला. सोलांजबाईंची नजर अधू झाली, हात कापू लागले.

एके दिवशी दुपारी दारात नोएमी उभी राहिली. तिचेही केस पिकले होते. हातात तीच जुनी पिशवी.

"मादाम, दिव्यांच्या उष्णतेनं कपाळ जळलंय ह्याचं. हा रंग कुठेच मिळत नाही."

सोलांजबाईंनी जुळ्याला हातात घेऊन चाचपले. पुढची कडा करपलेल्या दोऱ्यांसारखी चुरडत होती.

"आणि तू माझ्याकडे आलीस."

"दुसरीकडे कुठे जाणार?"

"नोएमी, ह्या तुझ्या झाडूनं माझ्या टोपाचं सगळं नेलं. मला तुझा राग यायचा. अजून येतो."

"ठाऊक आहे, मादाम. मलाही तुमचा यायचा. सिनेमाभर सगळे तुमच्या टोपालाच खरे केस समजले, कोणाला टोप दिसलाच नाही. माझा दिसला, म्हणून हसले. असं काम मला कधी जमलं नाही."

सोलांजबाईंनी मला पेटीतून काढून मुंडक्यावर बसवले आणि कात्री शोधली. मला वाटले, या असे करणार नाहीत. त्यांनी माझ्या कपाळाची जाळी कडेने उसवली, ती अख्खी नाजूक ओळ, आणि नोएमीपुढे ठेवली.

"माझे हात चालत नाहीत. तू बसव. एकेक केस, जिवावर येईल तरी. ती खुर्ची फिरवून घे."

नोएमीने भिंतीकडची खुर्ची फिरवली. त्या दिवसापासून काम होईपर्यंत ती रोज येत असे. एक चुकत असे, दुसरी बोलत असे. मी बोडक्या कपाळाने बघत होतो.

आता नोएमी रविवारी जेवायला येते आणि बातम्या सांगते. लोक काचेला नाक लावतात, म्हणे, आणि बेडकाची आठवण काढण्याआधी म्हणतात, "कपाळ बघा, अगदी खरं." पेटीखालच्या पाटीवर तिने सोलांजबाईंचे नावही घातले आहे. ते ऐकून सोलांजबाई फक्त सूप वाढतात, पण थोडे जास्त वाढतात.

आणि मी? पूर्वी मला एका प्लास्टिकच्या टोपाचा मत्सर वाटे. आता माझ्याच केसांचा वाटतो. ते तिथे उजेडात आहेत, माणसांमध्ये.

म्हणून, मित्रांनो, एक विनंती आहे. तुमच्या घरात एखादी वस्तू कोणी जीव लावून बनवलेली असेल, तर तिची धूळ झटका, तिला कसर लागू देऊ नका. पण ती फार आवडते म्हणून पेटीत घालून झाकण लावू नका. तिला वापरा. एखाद्या दिवशी तिला तळ्यातही पडू द्या.