न मारलेला हत्ती

सिताराला मांडीवर थोपटत मेहनाज एका हाताने अब्बांचा डाव फोनमध्ये भरत होती. अब्बांचं अक्षर अजून तसंच होतं, टपोरं आणि सरळ. रविवारच्या बुद्धिबळाच्या क्लबात प्रत्येकाने आपल्या खेळी कागदावर लिहायच्या असा नियम, आणि घरी आले की अब्बा ते कागद खिशातून काढून कपाटावर ठेवत. आज तिने ते न विचारताच उचलले होते. पोर जागी व्हायच्या आत होतील तेवढे बघायचे होते.

गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या क्लबातून येरवड्याला परतताना अब्बा भलत्याच बसमध्ये चढले. संध्याकाळी सापडले ते हडपसरच्या एका टपरीवर, समोर गार झालेला चहा. घर कुठे म्हणून विचारलं तर नुसते हसत होते, असं टपरीवाला म्हणाला.

"क्लब बंद," तिच्या थोरल्या भावाने, तालिबने, मांजरीच्या आपल्या घरून फोनवर सांगून टाकलं होतं.

"भाईजान, अम्मी गेल्यापासून त्यांना रविवारशिवाय आहे काय दुसरं? आणि ते जिंकतायत तिथे. डोकं गेलेला माणूस जिंकेल का?"

"मग डाव फोनमधल्या बुद्धिबळाच्या इंजिनला दाखव, प्रत्येक खेळी तपासतं ते. त्याला तुझ्यासारखी माया नसते. ते ठीक म्हणालं तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही म्हणालं, तर या रविवारपासून अब्बा घरी."

ती हो म्हणाली होती. खात्रीच होती तिची.

पहिला डाव रंगनाथकाकांबरोबरचा. अब्बांची सुरुवात नेहमीसारखी, कसलीही घाई नसलेली. पटाशेजारची, अब्बांची बाजू किती वरचढ ते दाखवणारी पांढरी पट्टी हळूहळू वर सरकत होती, आणि मेहनाजच्या छातीवरचं ओझं तिच्याबरोबर हलकं होत होतं. मग अब्बांनी घोडा हलवला आणि पट्टी धाडकन खाली आली. मागचा हत्ती उघडा पडला होता. लहानपणी पहिल्या आठवड्यात अब्बांनी तिला जी चूक करू नको म्हणून सांगितलं होतं, तीच.

तिचा थोपटणारा हात थांबला. पुढची खेळी भरायचा धीर होईना. पण डाव तर अब्बांनी जिंकला होता. तिने भरली. रंगनाथकाकांनी हत्ती मारलाच नव्हता. कोपऱ्यातलं एक प्यादं उगाच पुढे ढकललं होतं. पट्टी पुन्हा वर गेली.

सुटले, तिला वाटलं.

दुसऱ्या डावात समोर दुसरंच कुणी होतं. तिथे वजीर उघडा पडला, आणि तो माणूस आपला राजा एक घर सरकवून गप्प बसला. तिसऱ्यात पुन्हा हत्ती. डावाखालच्या प्रत्येक आलेखात एक खोल खड्डा आणि लगेच तेवढाच चढ. अब्बांच्या खेळीखाली चूक दाखवणारी लाल खूण, तिच्या पाठोपाठ समोरच्याच्या खेळीखाली लाल खूण. उभा जन्म पटावर घालवलेल्या माणसांना समोरचा वजीर दिसू नये?

सिताराला गादीवर आणि आपला फोन कागदांपाशी ठेवून तिने अब्बांच्या, कायम घरीच पडून असलेल्या फोनवरून रंगनाथकाकांना फोन लावला. गच्चीच्या दारात उभी राहून, हळू आवाजात, इंजिनने काय दाखवलं ते सांगून तिने हत्तीचं विचारलं.

"तुझ्या इंजिनाची नजर चांगली आहे," ते म्हणाले. "आम्हा सगळ्यांना मोतीबिंदू."

"काका, खरं सांगा."

काकांचा थट्टेचा सूर गेला.

"एकदा मारला होता मी. हत्तीच. रहीमभाई पटाकडे बघत राहिले. मग मला विचारलं, कुठला हत्ती? पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ओठ थरथरत होते त्यांचे." त्यांनी घसा खाकरला. "आता नाही मारत. कुणीच नाही मारत. तसं ठरवलं वगैरे नाही आम्ही. येतायत ना रविवारी?"

"बघते," ती कशीबशी म्हणाली.

आत आली तर अब्बा तिच्या जागेवर बसले होते, चष्मा कपाळावर, पहिला डाव उघडलेला तिचा फोन नाकाशी. कागद शेजारीच पसरलेले. तिला लपवायला काही उरलं नव्हतं.

"हा रंगनाथचा डाव ना?"

"हो अब्बा. सहज बघत होते."

"हे बघ, इथे." त्यांचं बोट हत्तीवर टेकलं. "चूक माझीच. लक्ष नव्हतं, उघडा ठेवला. होतं एखाद्या वेळी. पण त्याला दिसू नये? एवढा समोर?"

ती त्यांच्या शेजारी बसली.

"एकदा झालं तर ठीक. दरवेळी होतंय बेटा त्याचं." अब्बांनी आवाज खाली आणला. "आणि तो एकटाच नाही. सगळ्यांचंच तसं व्हायला लागलंय. मी कधी बोलून दाखवत नाही. जातो, बसतो त्यांच्याबरोबर. मी गेलो नाही तर कोण खेळणार त्यांच्याशी?"

मेहनाजने कागद गोळा करायला घेतले. एकसारखे होईनात.

"त्याच्या घरी कळू देऊ नकोस हं," अब्बा म्हणाले. "येणं बंद करतील त्याचं."

"नाही सांगणार."

फोन त्यांच्या हातातच वाजला. त्यांनी नाव वाचलं, खूष झाले आणि फोन तिच्याकडे दिला. "तालिब."

ती पुन्हा गच्चीच्या दारात गेली.

"झालं का? काय म्हणालं इंजिन?"

आत अब्बा गादीपाशी वाकून, झोपलेल्या सिताराच्या कपाळावरचे केस एका बोटाने बाजूला करत होते.

"रविवारी गाडी घेऊन ये भाईजान. त्यांना क्लबात आपण सोडू. आणि तू थांब तिथे. त्यांच्यासमोर बस, एक डाव खेळ."

"मी? अगं, किती वर्षांत पटाला हात लावलेला नाही मी. इंजिनचं सांग ना."

"आधी खेळ."

"हरेन मी मेहनाज."

"हो," ती म्हणाली. "हर."