लाल फीत

आमच्या अंतराळ विद्यापीठाच्या कुलगुरूंना आम्ही त्यांच्यामागे ‘फीतकापे’ म्हणतो. पाणी गार करायचं यंत्र असो की दुरुस्त झालेली लिफ्ट, यांनी फीत कापल्याशिवाय वस्तू वापरात येत नाही. लिफ्ट तर ठणठणीत असूनही मुहूर्ताच्या नावाने आठवडाभर बंद होती आणि आम्ही जिने चढत होतो. अंतराळाबद्दल या गृहस्थांना एवढंच ठाऊक की ते वर असतं.

माझी भाची इथेच शिकते. कॉलेजात ती मला ‘सर’ म्हणते, घरी ‘मामा’. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी चार वर्षं खपून बुटाच्या खोक्यापेक्षाही लहान असा एक उपग्रह बनवला होता. एका रॉकेटवर त्याला जागा मिळाली होती आणि ठरल्या दिवशी सकाळी तो न्यायला माणसं येणार होती. ही जागा हुकली तर दुसरी नव्हती, कारण वर्ष संपत आलं होतं आणि पोरी बाहेर पडणार होत्या.

साहजिकच फीतकाप्यांना त्याच्या आदल्या दिवशी समारंभ करायचं सुचलं. मी विरोध केला, तर म्हणाले, विज्ञान लोकांपर्यंत पोचलं पाहिजे. लोक म्हणजे कोण, तर पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे व्याही.

उपग्रहात एक पिन खोचलेली असते आणि ती विसरू नये म्हणून तिला लाल फीत लावतात. पिन आत असेपर्यंत उपग्रह झोपलेला. पिन निघाली की त्याला वाटतं, रॉकेटने आपल्याला बाहेर सोडलं. मग तो अर्धा तास थांबतो, एक दोरा जाळतो आणि घडी केलेले अँटेना उघडतो. दोरा पुन्हा बांधायचा तर सगळं खोलून महिनाभर चाचण्या करायच्या.

म्हणून भाचीने सकाळीच त्यांना अदबीने सांगितलं होतं, “सर, तेवढी लाल फीत सांभाळा.”

“फितीचं तू माझ्यावर सोड,” ते म्हणाले. एवढ्या वाक्यात त्यांना कळलेला शब्द तेवढा एकच.

व्यासपीठावर त्यांनी कात्री मागवली. कात्री बोथट निघाली, फीत जाड होती. व्याही बघतायत म्हटल्यावर माघार कसली घेतात! त्यांनी फीत हिसडली, पिनेसकट ती हातात आली आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

“मामा,” भाची माझ्या शेजारी पुटपुटली. कॉलेजात ती मला पहिल्यांदाच मामा म्हणाली.

अर्धा तास हातात होता, पिन परत खोचली की काम झालं असतं. आम्ही दोघं पायऱ्यांकडे धावलो. तिथे कुलसचिव आडवे उभे होते. सर बोलतायत, म्हणाले. मी उपग्रहाचं सांगितलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी चिठ्ठी दिली, ती त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. भाषणाचा विषय होता ‘मी आणि अंतराळ’. त्यातला ‘मी’ संपायचं नाव घेईना. ज्या माणसाला पोरींची चार वर्षं दिसत नाहीत आणि स्वतःचा आवाज मात्र पुरत नाही, त्याच्या हाती विद्यापीठ देणाऱ्यांची मला कीव येते.

अखेर खटकन आवाज झाला. अँटेना उघडले आणि त्यातला एक फीतकाप्यांच्या चष्म्यावर आपटला. ते क्षणभर दचकले, मग हात उंचावून म्हणाले, “पाहिलंत? यशस्वी!” पुन्हा टाळ्या. भाची खाली मान घालून पायरीवर बसली होती.

सकाळी माणसं आली आणि रिकाम्या हाताने गेली. जागा दुसऱ्या कॉलेजला मिळाली.

आता तो उपग्रह कुलगुरूंच्या दालनात काचेच्या कपाटात आहे. कपाटालाही फीत होतीच. उद्घाटनाच्या फोटोसाठी फीतकाप्यांनी भाचीला शेजारी उभं केलं आणि मायेने विचारलं, “पण मला सांग, त्या दिवशी तो अचानक उघडला कसा?”

“काही नाही सर,” ती म्हणाली. “जागचा हलला नव्हता, पण त्याला तुमच्यासारखंच वाटलं, आपण वर पोचलो.”

ते समाधानाने मान डोलावत कॅमेऱ्याकडे वळले.