ताप लपवायचा नाही

सातव्या महिन्यात भावनाला थंडी वाजून ताप भरला. सगुणाने सुनेच्या अंगावर गोधड्यांवर गोधड्या टाकल्या, तरी तिचे दात कडकडत होते. मानपाड्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं, मलेरिया निघाला. पोटातल्या बाळालाही धोका असतो म्हणून डॉक्टरांनी तिला दाखल करून घेतलं.

घरी येताच सगुणाचा नवरा परशुराम तडक मागच्या चाळीकडे गेला. पूर्वी तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. आता त्याने बांधलेल्या खोल्यांत एमआयडीसीतले कामगार भाड्याने राहत.

"हा ताप तुम्हीच आणलाय गावावरून," तो अंगणात उभा राहून ओरडला. "ज्याच्या खोलीन कोण आजारी, त्याने खोली खाली करायची!"

दारं धडाधड बंद झाली.

दुसऱ्या दिवशी महापालिकेची आरोग्यसेविका कल्पिता रक्ताचे नमुने घ्यायला आली. सगुणा तिच्यासोबत फिरली. सगळीकडे एकच उत्तर, आमच्याकडे कोणी आजारी नाही. शेवटच्या खोलीच्या दारात शीला पदर घट्ट धरून उभी होती. आतून कुणी तरी कण्हलं.

"कोण हाय आत?" सगुणाने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती आत शिरली. शीलाचा नवरा उत्तम चादरीत गुरफटून थरथरत होता. कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

शीला रडायलाच लागली. "काकू, खोली गेली तर कुठं जाऊ आम्ही?"

सगुणाला नवऱ्याचं कालचं ओरडणं आठवलं. त्या धमकीनेच हा माणूस तापात लपून पडला होता. याला चावलेला डास उद्या आणखी कुणाला चावणार होता.

"कुठं नाय जायचं," ती म्हणाली. "कल्पिता, घे गो रक्त याचं."

मग तिने पुन्हा पहिल्या खोलीपासून सुरुवात केली. "खोली कोणाची जानार नाय. मी सांगते. पण ताप लपवायचा नाय." या वेळी दारं उघडली. उत्तमबरोबर आणखी दोघांना मलेरिया निघाला.

कल्पिता तेवढ्यावर थांबली नाही. घरामागच्या जुन्या विहिरीतून तिने पोहऱ्याने पाणी काढलं. पाण्यावर बारीक अळ्या आडव्या तरंगत होत्या. "मलेरियाचे डास इथेच तयार होतायत, काका," तिने परशुरामला दाखवलं.

"विहिरीला हात लावायचा नाय," परशुराम म्हणाला. "माझ्या बाने खणलीय ती. आनि मलेरियाने मरतं कोण आजकाल?"

"जगात वर्षाला सहा लाखांच्या आसपास माणसं मरतात. बहुतेक लहान मुलंच."

सगुणा परशुरामसमोर येऊन उभी राहिली. "विहीर बुजवा कोन बोलतंय? मासे सोडू, वर जाळी घालू. तुमच्या बाची विहीर पन राहील, आनि मना नातवंड पन जितं पायजे."

तो हो म्हणाला नाही. सगुणाने मग जाळी बसवायला वेल्डरला स्वतःच बोलावलं. कल्पिताने आणलेले, डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे तिने आपल्या हाताने पाण्यात सोडले.

ताप उतरताच उत्तम कामावर निघाला आणि गोळ्या बंद करायच्या म्हणू लागला. "जंतू यकृतात लपून बसतात, कोर्स पुरा नाही केला तर ताप परत येतो," कल्पिताने बजावलं होतं. सगुणा रोज त्याच्या दारात जायची आणि त्याने गोळी गिळेपर्यंत हलायची नाही.

भावना बरी होऊन घरी आली. तिला मुलगी झाली. वजन थोडं कमी भरलं, पण रडणं खणखणीत होतं.

बारशाच्या आदल्या दिवशी कल्पिताचा फोन आला. शेजारच्या नव्या इमारतीच्या तळघरात पाणी साचलं होतं आणि सुपरवायझर दाद देत नव्हता. सगुणा हातातलं काम टाकून तिथे गेली.

"उद्या बघतो, मावशी," सुपरवायझर म्हणाला.

"बघ. मी हितंच बसते." ती सिमेंटच्या गोणीवर बसली.

दुपार झाली तशी परशुराम तिला शोधत आला. "चल घरी. पाव्हने आलेत."

"पानी उपसल्याशिवाय नाय."

त्याने बायकोकडे बघितलं, मग तळघरातल्या हिरव्या पाण्याकडे. लेंगा गुडघ्यापर्यंत वर सारून तो सुपरवायझरला म्हणाला, "पंप कुठंय तुझा? दाखव."