सरकलेला चेंडू

"तुमचा चेंडू हलला, साहेब."

बाईंनी आवाज चढवला नव्हता, तरी झाडाखालची कुजबुज थांबली. गोल्फ क्लबच्या अध्यक्षांनी बुटाच्या टोकाने चेंडू झाडाच्या मुळाशी अडकलेल्या जागेवरून मोकळ्या गवतावर सरकवला होता, आणि ते बरोबरच्या सगळ्यांनी पाहिलं होतं.

अध्यक्ष हसले. "अहो, घरचीच स्पर्धा आहे. किती मनावर घ्याल?"

"चेंडू होता तिथे ठेवा आणि दंडाचा एक फटका धरा. मग खेळा."

"म्हाताऱ्या माणसाला जरा सांभाळून घ्या की." त्यांनी तिथूनच फटका मारला. टाळ्याही पडल्या.

बाईंची बॅग वाहणारी त्यांची थोरली बहीण पुटपुटली, "गप्प राहा गं. तुझी नेमणूक यांच्याच हातात आहे."

ताईचं खोटं नव्हतं. क्लबच्या मुलींना बाई आजवर हौसेनं शिकवत होत्या. आता रीतसर प्रशिक्षकाची जागा निघाली होती. खरं तर ती त्यांना कधीचीच मिळायला हवी होती. देशाचं अजिंक्यपद त्यांनी चारदा आणलं होतं. तेव्हा याच क्लबात बायकांना कपडे बदलायला खोली नव्हती. खताच्या पोत्यांमागे बदलून बाई मैदानात उतरायच्या. जिंकल्या की पेपरात यायचं, 'दोन मुलांच्या आईची कमाल'. जणू फटके मुलांनीच मारले होते.

पाचवं अजिंक्यपद मात्र हातचं गेलं. शेवटच्या दिवशी बाईंच्या काठीचा धक्का लागून चेंडू जरासा हलला. कुणी पाहिलं नाही, ताईनंही नाही. बाईंनी स्वतःच पंचांना बोलावून सांगितलं, दंड घेतला आणि त्या एका फटक्यानं हरल्या. हेच अध्यक्ष दरवर्षी भाषणात गहिवरून तो किस्सा सांगत. प्रामाणिकपणा कुणाकडून शिकावा, तर आमच्या बाईंकडून.

खेळ संपला. अध्यक्षांचे फटके कार्डावर लिहून त्याखाली सही करायचं काम बाईंकडे होतं. सेक्रेटरींनी कार्ड पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"बाई, हे दोन फटके जास्त लिहिलेत. करंडक जातो साहेबांचा."

"चेंडू परत ठेवला असता तर दंडाचा एकच लिहिला असता. चुकीच्या जागेवरून खेळले, म्हणून दोन."

अध्यक्ष जवळ आले, अगदी हळू बोलले. "मुलींना शिकवायचंय ना तुम्हाला?"

"म्हणून तर खोट्यावर सही करत नाही." बाईंचे कान तापले होते. "आणि माझा तो किस्सा पुन्हा सांगू नका. तुमच्या तोंडून तो ऐकवत नाही."

सेक्रेटरींनी नवं कार्ड काढलं आणि बरोबरच्या दुसऱ्या सदस्याची सही घेतली. तासाभरानं आतून टाळ्यांचा आवाज आला. करंडक अध्यक्षांनाच मिळाला.

बाई गाड्या लावायच्या जागी कठड्यावर बसल्या होत्या. सेक्रेटरी बाहेर आले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "उद्यापासून तुम्ही येऊ नका, असं ठरलंय."

"मुलींना कोण सांगणार?"

"बघू काहीतरी."

ते गेले. ताई चिडून म्हणाली, "आता तरी ऊठ. काय बसलीस इथे?"

"थांब जरा."

बाईंनी बूट काढले. तळाला मैदानातली माती आणि गवत चिकटलं होतं. त्यांनी किल्लीच्या टोकानं एकेक खाच कोरून काढायला घेतली. ताई शेजारी बसली आणि तिनं दुसरा बूट मांडीवर घेतला.