पोक देरामानच्या अंगातलं वारं

आमच्या गावात दवाखाना येण्याआधी माणसं दोनच कारणांनी आजारी पडायची. एक पोट, दुसरं वारं. पोटाला पाला होता, मुळी होती. वारं मात्र ज्याचं त्याच्या अंगात जन्मापासूनच असतं. कुणाच्या अंगात नाचाचं, कुणाच्या कोंबडे झुंजवण्याचं, तर कुणाच्या नुसतंच बोलत सुटण्याचं. ते मोकळं सोडलं की माणूस ठणठणीत, कोंडलं की ते आंबतं आणि माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. खोटं वाटत असेल तर सालेह न्हाव्याला विचारा. त्याच्या अंगात पतंगाचं वारं. बायकोनं रागाच्या भरात त्याचा चंद्रकोरीचा पतंग चुलीत घातला, तर हा इतका हलका झाला की तिला त्याला विहिरीच्या खांबाला दोरीनं बांधून ठेवावं लागलं. पुढच्या कापणीनंतर नवा पतंग मिळाला तेव्हा कुठे त्याचे पाय जमिनीला लागले.

या वाऱ्याचा इलाज आमच्याकडे होता. तोक सेमान, म्हणजे सेमान आजोबा, रबाब वाजवायचा, पोक हिमच्या अंगात यायचं आणि मी मागे बसून गाँग बडवायचो. शहरातल्या शहाण्यांना हे पसंत नाही. दिवसा ते आमच्याविरुद्ध भाषणं करतात आणि त्यांच्याच आईला वारं चढलं की मागच्या दारानं आम्हाला आणायला गाडी पाठवतात.

तर, पोक देरामान. पोक म्हणजे आमच्याकडे काका. गाव त्याला पोक म्हणे ते मायेनं नाही, तो गावप्रमुख होता म्हणून. लग्न असो, सुंता असो, मयत असो, पानात भात पडला रे पडला की पोक देरामान उभा राही आणि बोलायला लागे. एका लग्नात त्याचं भाषण सुरू झालं तेव्हा नवरदेवाचे गाल गुळगुळीत होते, संपलं तेव्हा त्याला दाढी आली होती. आमच्या मुलांना गरम भात म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटे, भात झाडालाच गार लागतो.

मग एक दिवस तालुक्याच्या कचेरीनं त्याला घरी बसवलं आणि चे रझमी नावाच्या चष्मेवाल्या पोराला प्रमुख केलं. त्या आठवड्यात एक सुंता झाली. भात वाढला गेला, देरामान सवयीनं उभा राहिला, पण माणसं जेवायला लागली. नुसती जेवायला लागली! वाफ निघत असलेला भात! देरामान घरी गेला, चटईवर पडला आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरणीनं तपासलं. नाडी चांगली, छाती चांगली, पोट जरुरीपेक्षा चांगलं. शेवटी त्याची बायको मेक जारा, म्हणजे जारा काकू, आमच्याकडे आली. मेक जारा सकाळी नाक्यावर गोकर्णीच्या फुलांनी निळा केलेला भात विकायची. तिच्या बुदूच्या, म्हणजे आंबवलेल्या मासळीच्या, चटणीला जेवढा झणका, तेवढाच जिभेला.

"सेमान," ती म्हणाली, "माझ्या घरात एक लाकडाचा ओंडका पडलाय. दिवसातून तीनदा जेवतो आणि चारदा कण्हतो. तुझा रबाब घेऊन ये. नाहीतर मी कुऱ्हाड घेते."

आम्ही गेलो. सेमाननं तारेवर गज फिरवला, मी गाँग धरला, पोक हिम घुमायला लागला. घुमता घुमता त्यानं साळीच्या लाह्यांची मूठ चटईवर टाकली आणि जोड्या लावून कौल बघितला.

"कोण आहेस?" सेमाननं वाऱ्याला विचारलं. "कुठून आलास?"

"राजदरबारातून!" पोक हिम ओरडला. "पिवळ्या छत्राखालून! मला माझं ठिकाण द्या!"

हे ऐकल्याबरोबर देरामान उठून बसला. इतके दिवस ज्याला मान वळवायला होत नव्हतं, तो ताठ झाला. "ऐकलंत?" तो म्हणाला. "मी तर म्हणतच होतो. माझ्यात राजाचं वारं आहे."

इलाज ठरलेला असतो. अंगातल्या वाऱ्याला हवं ते एकदा मनसोक्त द्यायचं. देरामानला उंच पाटावर बसवलं, पिवळं कापड पांघरलं, हळदीच्या चिकट भाताचा मनोरा आणि त्यावर अख्खी भाजलेली कोंबडी ठेवली. शेजाऱ्यांनी हात जोडून "महाराज, महाराज" केलं. महाराजांनी कोंबडी खाल्ली, भाषण केलं आणि बरे झाले.

बरे झाले ते दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पुन्हा कण्हणं. पुन्हा पाट, पुन्हा कोंबडी. आणि आमच्याकडे अशी रीत की वारं चढलेल्याला नाही म्हटलं आणि त्याचं काही बरंवाईट झालं, तर दोष शेजाऱ्यांच्या माथी. तेव्हा नाही कोण म्हणणार? हळूहळू राजाचं वारं न्याहारीलाही यायला लागलं. कॉफीच्या टपरीवर जाताना डोक्यावर पिवळी छत्री धरायला माणूस लागे. महाराज जागे होईपर्यंत कोंबड्यांनी आरवायचं नाही असा हुकूम सुटला. गावातले कोंबडे इतके घाबरले की दुपारी, पांघरुणाखाली आरवायला लागले. सुलोंग गवळ्याची म्हैस तर त्याला बघताच गुडघे टेकी. ती म्हातारी होती आणि तिचे गुडघे तसेही गेले होते, पण देरामानला कोण सांगणार!

इथपर्यंत मेक जारानं ओठ चावून सोसलं. मग देरामानची नजर बैलावर गेली.

बैल काळा, तकतकीत, फणसाच्या झाडाला बांधलेला. मेक जारानं निळा भात विकून विकून तो लेकीच्या लग्नासाठी घेतला होता. लेक रोहायू, नवरा मुलगा नदीपलीकडचा. येत्या रविवारी वऱ्हाड यायचं होतं. आमच्याकडे लग्नाच्या जेवणात बैल नसेल तर पलीकडची माणसं तोंडानं काही बोलत नाहीत. विड्याची तबकं उचलतात, होडीत बसतात आणि परत जातात. मुलगी मग घरातच राहते.

"लहानसहान इलाजानं भागत नाही आता," देरामान पाटावरून म्हणाला. "कोंबडीनं राजाचं पोट भरतं होय? बैल कापा. आणि मक योंगाचा पूर्ण खेळ लावा. जुन्या रीतीचा. अंगणात मांडव, सगळी वाद्यं, नाच, राजाचं सोंग, सगळं."

"बैल रोहायूचा आहे," मेक जारा म्हणाली.

"राज्यातलं सगळं राजाचं असतं."

"राज्य? अरे, तुझ्या राज्यात संडासाचं दार लागत नाही सहा महिने झाले!"

"माझं वारं फुटेल, जारा! मी मरेन!"

"मर की! पण लग्नानंतर मर. आधी मेलास तर सुतक धरावं लागेल."

रोहायू दाराआड उभी राहून रडत होती. तिचं रडणं ऐकलं आणि मेक जारा एकदम गप्प झाली. देरामानला वाटलं, जिंकलो. ज्यांच्या घरी बायको आहे त्यांना ठाऊक आहे की बायको ओरडते तेव्हा भ्यायचं कारण नसतं.

ती थेट सेमानच्या ओसरीवर आली. "त्याला पूर्ण मक योंग हवाय," ती म्हणाली. "जुन्या रीतीचा."

"जुन्या रीतीचा?" सेमाननं रबाबाचा गज खाली ठेवला. "तो स्वतः म्हणाला?"

"चार माणसांसमोर."

"रीत मोडली तर वारं फुटतं, हेही म्हणाला?"

"तेही म्हणाला."

सेमान हसायला लागला. त्याला दातच नव्हते, त्यामुळे ते हसू बराच वेळ बाहेर येत राहिलं. "जारा, तुझी ती कामट्यांची जुडी आहे का अजून?"

"छपरात खोचून ठेवलीय. लग्न झालं त्या दिवशी त्यानं ठेवायला लावली. गावप्रमुखाच्या बायकोनं मांडवात नाचायचं नाही म्हणाला."

मीही तेव्हा हसलो, कारण मला आठवलं. लग्नाआधी मेक जारा आमच्या फडात होती. ती मांडवात उतरली की नदीपलीकडून होड्या यायच्या.

बैल कापायचा तो खेळ संपल्यावर, असं ठरलं. गुरुवारी संध्याकाळच्या नमाजानंतर अंगण भरलं. चे रझमी पुढच्या चटईवर, चष्मा पुसत. मी गाँग टांगला. सेमाननं रबाब मांडीशी धरला आणि बायका रीतीप्रमाणे रबाबाकडे तोंड करून बसल्या. देरामान पिवळं नेसून मांडवात आला आणि इकडेतिकडे बघू लागला.

"माझा मुकुट?" तो म्हणाला.

"कसला मुकुट, पोक?" सेमाननं विचारलं.

"राजाचा! मी राजा ना!"

"अहो, मक योंगात राजा कधी पुरुष असतो का?"

देरामानला रीत ठाऊक होती. आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. मक योंगातला राजा बाईच होते, नेहमीच. पण पाटावर फार दिवस बसलं की माणूस पाळण्यातलं विसरतो.

"मग... मग यावेळी जरा बदल..."

"जुन्या रीतीचा म्हणालात," चटईवरून म्हातारा सुलोंग ओरडला.

"वारं फुटेल, पोक!" मागून कुणीतरी काळजीच्या सुरात म्हणालं. "आम्हाला दोष नको बाबा!"

"पुरुषाला मांडवात एकच सोंग असतं," सेमान गोड आवाजात म्हणाला आणि त्यानं सोंगाड्याची लाकडी सुरी पुढे केली. "राजाचा नोकर."

तेवढ्यात बायकांमधून राजा उठला. डोक्यावर मुकुट, कमरेला जरीचा पट्टा, हातात चिरलेल्या बांबूच्या कामट्यांची जुडी. रबाब रडल्यासारखा वाजला आणि मेक जारानं एक हात असा उचलला की माझा ठोका चुकला. इतकी वर्षं ती बाई नाक्यावर भात विकत होती, आणि तिच्या अंगातलं वारं कुणी विचारलंच नव्हतं.

"अरे ए नोकरा!" राजा गरजला.

देरामान उभाच.

फटाक! ती जुडी लागते कमी, वाजते जास्त. पण वाजते मात्र नदीपलीकडे.

"ज... जी महाराज!"

"कुठे होतास?"

"पाटावर, महाराज."

"काय करत होतास?"

देरामाननं चहूकडे पाहिलं. पळायला वाट नव्हती, सगळं गाव वाटेत बसलं होतं. "बसायचो, महाराज," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "आणि... कोंबड्या खायचो."

अंगण फुटलं. म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. सुलोंगची म्हैस गोठ्यात उभी राहिली, गुडघ्यांसकट. देरामान दचकला. आजवर गाव त्याला त्याच्या पाठीमागे हसत आलं होतं. तोंडावर हसू पहिल्यांदाच आलं होतं आणि ते, मी शपथेवर सांगतो, त्याला गोड लागलं. त्यानं पोट पुढे काढलं.

"कोंबड्यांना भाषण करायचो, महाराज. त्या कंटाळून स्वतःच चुलीत उड्या मारायच्या."

फटाक! "आणि फणसाखालचा बैल?"

मी गाँगवरचा हात थांबवला. दाराशी रोहायू उभी होती, दोन्ही हातांनी चौकट धरून.

देरामाननं बैलाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, मग कामट्यांकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"तो बैल महाराजांच्या लेकीचा," तो म्हणाला. "मी नोकर माणूस. मला शेपटीचा रस्सा मिळाला तरी पुरे."

"फार मागतोस," राजा म्हणाला. फटाक!

खेळ संपेपर्यंत देरामान घामानं निथळत होता आणि भुकेल्या माणसासारखा लोकांकडे बघत होता, आणखी कुणी हसतंय का म्हणून. पोक हिमला मी नंतर विचारलं, तुझ्या लाह्या चुकल्या की काय. तो म्हणाला, "लाह्यांनी राजदरबार सांगितला. तिथे सिंहासनावर कोण आणि खाली कोण, ते कुणी विचारलं?"

त्या रविवारी होड्या आल्या, विड्याची तबकं उतरली आणि बैल पानात पडला. भात वाढला गेला. पोक देरामान उभा राहिला. शेकडो माणसांनी एका दमात आपापल्या भातावर हात धरले, वाफ जाऊ नये म्हणून. मेक जारा रेशमी वस्त्रात, वऱ्हाडी बायकांमध्ये बसली होती. तिनं फक्त पाठीमागे हात नेला.

"जेवा," देरामान म्हणाला आणि खाली बसला. लोक इतके हसले की नदीपलीकडच्यांना वाटलं, ही इथली रीतच असेल.

भात असा गरम होता की माझी जीभ पोळली. दुसरा घास घेतोय तोच पुढच्या रांगेत चे रझमी उभा राहिला. त्यानं चष्मा नीट केला, घसा खाकरला आणि म्हणाला, "आजच्या या मंगल प्रसंगी, प्रमुख या नात्यानं..."

मेक जारा जुडी घेऊन उठली.