पेटीची ट्रायल

माझी आत्या शिवणकाम करते. ट्रायल घेतल्याशिवाय तिने गिऱ्हाइकाला कधी कपडा नेऊ दिला नाही, मग ते कितीही घाईत असो. त्यामुळे चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तब्येत ठणठणीत असताना, ती स्वतःची शवपेटी बघायला निघाली तेव्हाच मला पुढचं कळायला हवं होतं. नाही कळलं. अक्कल गहाण ठेवली होती मी.

या पेटीवरून घरात महिनाभर रणकंदन चाललं होतं. आत्याला झाकण थेट पायापर्यंत उघडणारी पेटी हवी होती. शेवटच्या दिवशी घालायला तिने एक निळा झगा शिवला होता आणि त्याच्या घेरावर दोन वर्षं खपून वेल भरली होती.

"अर्ध्या झाकणाच्या पेटीत कमरेखालचं काही दिसतच नाही," ती म्हणे. "जन्मभर लोकांनी माझं काम दुसऱ्यांच्या अंगावर बघितलं. एकदा माझ्या अंगावर बघू देत की!"

बाबांचं, म्हणजे तिच्या मोठ्या भावाचं, एकच पालुपद. "झाकण बंद. कुणी काही बघायचं नाही." का म्हणून विचारलं, की उठून जायचे. आणि आमच्याकडे शेवटचा शब्द बाबांचा.

बाबा आम्हाला पेटीवाल्याच्या दारात सोडून गाडी लावायला गेले. पेटीवाल्याने मोठ्या अदबीने साटनचं अस्तर दाखवलं. आत्याने ते चिमटीत धरलं. "चुण्या सारख्या नाहीत. इथे शिवण उसवलीय." बिचाऱ्याचा चेहरा पडला. मग पायापर्यंत उघडणारी एक पेटी तिच्या मनात भरली आणि ती म्हणाली, "ट्रायल घेते."

"आत्या, काहीतरीच काय!"

"काहीतरी काय? खांद्यात बसते का बघायला नको?"

झगा पिशवीत होताच! पडद्यामागे जाऊन तो घालून ती स्टुलावर चढली आणि पेटीत उतरली. हात छातीवर, डोळे मिटलेले. पेटीवाला फोन आल्याचं निमित्त करून सटकला.

पेटीवाला शेजारचं दालन अंत्यदर्शनासाठी भाड्याने देई; तिथे त्या दिवशी कुणा मुख्याध्यापिकेला ठेवलं होतं. तिथली एक रांग दार चुकून आमच्याकडे शिरली. सगळे जुने विद्यार्थी, बाईंना चाळीस वर्षांत न भेटलेले.

"आजारपणात किती बदलल्या हो!"

आत्या हलली नाही. मी तोंडात रुमाल कोंबला.

"मला पट्टीने फोडून काढायच्या," एक बाई हुंदके देत म्हणाली, "पण मनाने सोनं!"

शेवटचा गृहस्थ पायाशी थांबला. "घेरावरचं भरतकाम बघितलंत? काय हात असेल हा!"

झालं. मिटल्या डोळ्यांनी आत्याच्या गालाला खळी पडली.

नेमके तेव्हाच बाबा आत आले. समोर रांग, रडणारी माणसं आणि पेटीत बहीण.

"चिमणे!" ते लोकांना ढकलत धावले. "अगं ऊठ! आत्ता गाडीत भांडत होतीस ना माझ्याशी!" पेटीचा काठ धरून एकोणऐंशी वर्षांचे माझे बाबा ढसाढसा रडायला लागले. मी तोंडातला रुमाल काढला.

आत्या ताडकन उठून बसली. "दादा, अरे ट्रायल घेतेय!"

"बाई उठल्या!" अशी जी बोंब उठली, तिला तोड नाही. दालन क्षणात रिकामं झालं. पट्टीचा मार खाल्लेली बाई सगळ्यांच्या पुढे होती.

बाबा मात्र जागचे हलले नाहीत. "म्हणून म्हणत होतो झाकण बंद," ते म्हणाले. "तुला असं बघवणार नाही मला."

"मग आत्ता बघितलंस ना? मेलास का?"

बाबांनी हाताला लागलेल्या कापडाने डोळे पुसले.

"दादा, वेलीवर नाक नको!"

त्यांनी घेर हातात घेतला, चष्मा वर केला आणि एकेक पान निरखत टोकापर्यंत गेले. "हे तू केलंस?" एवढंच म्हणाले. आत्याने घेर उलटून त्यांना मागचे टाकेही दाखवले.

पेटीवाला दारातून डोकावला तेव्हा बाबा त्याच्यावर खेकसले, "ही पायापर्यंत उघडणारीच द्या. हिचा काही भरवसा नाही. झाकण लावायच्या आधी मला हिला चांगल्या दहा हाका मारायच्यात."