घरावरून गेलेलं विमान

आमच्या ह्यांना आयुष्यात एकदा तरी विमानात बसायचं होतं. बोट घेऊन समुद्रात गेले की डोक्यावरून जाणारी विमानं बघायचे आणि घरी येऊन विचारायचे, "चंद्रा, वरून आपलं घर दिसत असेल काय गो?" मी म्हणायची, "आधी जाळ्यात बघा."

२०१८ साली सुरतेला आमच्या नातीचं बारसं ठरलं. जावई जिग्नेश भारी हौशी. त्याने सासऱ्यासाठी मुंबई-सुरत विमानाचं तिकीटच काढलं. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, प्रवास तासाभराचा. झालं, ह्यांना आभाळ ठेंगणं झालं. डहाणूहून सुरतेला गाडीने दोन तास लागतात, म्हणजे आपण चंद्राच्या आधी पोहोचणार! पण ते विमान पकडायला आधी उलटं मुंबईला जायचं, तिथे ताटकळायचं आणि मग आपल्याच घरावरून उडत सुरत गाठायची, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. मी समजावलं तर म्हणाले, "जळतेस तू. लाव पैज! आधी पोहोचेल त्याने पाळण्याला पहिला झोका द्यायचा."

"लावली," मी म्हटलं.

निघताना मात्र दारात घुटमळले. "एक काम कर गो. तुझी लाल साडी बोंबील सुकवायच्या दांड्यांवर पसरून ठेव. वरून घर ओळखता येईल."

"ठेवते, जा आता," म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. मग विचार केला, आभाळातून कसली डोंबलाची साडी दिसते? तीच नेसले आणि गाडीत बसले.

सुरतेला पोहोचून माझं जेवणसुद्धा आटोपलं, तरी ह्यांचा पत्ता नाही. रुपल, आमची लेक, सारखी दाराकडे बघत होती. मी पाळण्याची दोरी धरून बसले होते.

शेवटी एकदाचे आले. पैजेचं नावही नाही! दारातूनच ओरडले, "दिसलं! चंद्रा, आपलं घर दिसलं! खाडी दिसली, आणि तुझी लाल साडी, अगदी टिकलीएवढी!" डोळ्यांत पाणी तरळत होतं. व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्यांची नजर माझ्या पदरावर आली आणि हसू जागच्या जागी थांबलं. वादळात कधी न डगमगलेला माझा नवरा भर घरात खुळ्यासारखा उभा राहिला. मला गलबलून आलं.

"बघताय काय असे?" मी म्हटलं. "अशा दोन आहेत माझ्याकडे."

त्यांचा चेहरा असा काही उजळला म्हणता! मी पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली.

डहाणूला परतल्यावर आधी बाजार गाठला. पाच दुकानं पालथी घातली, तेव्हा कुठे हुबेहूब तशी दुसरी लाल साडी मिळाली.